दोन गावांच्या दोन रिपोर्टांत फरक का पडतो?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी किंवा अथणी भागातील एखाद्या घरात मधुमेहाचा, मूत्रपिंडाचा किंवा थायरॉइडचा जुना रुग्ण असेल, तर त्याच्या फाइलमध्ये निदान दोन-तीन गावांच्या प्रयोगशाळांचे अहवाल एकत्र लावलेले आढळतात. निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ पडते, कागवाड-अथणीच्या लोकांना मिरज सोयीचे वाटते, खानापूर तालुक्यातील काही रुग्ण घाट उतरून गोव्याला बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जातात आणि १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय असलेले बेळगाव तर सर्वांच्याच येण्याजाण्याचे ठिकाण आहे. डॉक्टर बदलले की तपासणी पुन्हा सांगितली जाते, आठवड्याभरात दुसरा रिपोर्ट हाती येतो आणि त्यातला आकडा पहिल्याशी जुळत नाही. मग घरात एकच प्रश्न उभा राहतो, की या दोनपैकी कोणत्या लॅबने चुकीचे लिहून दिले?

हा प्रश्न स्वाभाविक आहे, परंतु त्यात एक गृहीतक दडलेले आहे. रक्तात एक ठरावीक आकडा असतो आणि यंत्र तो जसाच्या तसा वाचून दाखवते, असे आपण मनात धरून चालतो. प्रत्यक्षात अहवालावरचा प्रत्येक आकडा हा एक अंदाज असतो. उत्तम प्रयोगशाळेत तो सत्याच्या फार जवळचा असतो, निष्काळजी प्रयोगशाळेत तो दूर जातो, आणि तो किती दूर गेला आहे हे रोजच्या रोज तपासत राहण्याच्या शिस्तीलाच गुणवत्ता नियंत्रण म्हणतात. ही शिस्त रुग्णाला दिसत नाही. त्याला दिसते ती सुई, नळी आणि छापील कागद. म्हणूनच या न दिसणाऱ्या भागाविषयी प्रत्येक रुग्णाला माहिती असली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

रक्ततपासणीतील बहुतेक चुका यंत्रात होतच नाहीत. इटलीतील पादुआ येथील प्लेबानी आणि कारारो या संशोधकांनी १९९७ मध्ये आणि पुन्हा दहा वर्षांनी आपल्या रुग्णालयाच्या तातडीच्या प्रयोगशाळेतील चुकांची मोजदाद केली, तेव्हा दोन्ही वेळा ६० टक्क्यांहून अधिक चुका नमुना यंत्रात जाण्यापूर्वीच झालेल्या आढळल्या. चुकीच्या नळीत घेतलेले रक्त, अपुरे रक्त, सलाइन चालू असलेल्या हातातून घेतलेले रक्त, एकाच्या नळीवर दुसऱ्याचे नाव, वाटेत खराब झालेला नमुना अशा या चुका होत्या. यंत्र कितीही महागाचे असले तरी त्याला जे दिले जाते तेच ते मोजते.

आपल्या भागात यातील प्रवासाचा भाग विशेष महत्त्वाचा आहे. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला पावसाळ्यात रस्ते आणि वीज दोन्हींचा भरवसा नसतो, तर अथणी-चिकोडीकडे उन्हाळ्यात दुपारचे ऊन असह्य असते. तालुक्याच्या गावी किंवा लहान दवाखान्यात रक्त काढायचे आणि ते पेटीत घालून शहरातील मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवायचे, ही पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे आणि त्यात वावगे काही नाही, कारण प्रत्येक गावात प्रत्येक चाचणीचे यंत्र ठेवणे शक्यच नाही. पण शरीराबाहेर काढलेले रक्त जिवंतच असते. त्यातील पेशी नळीतही साखर वापरत राहतात. खोलीच्या तापमानाला, पेशी वेगळ्या न करता ठेवलेल्या रक्तातील साखर तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी घटते आणि उन्हात तापलेल्या पेटीत त्याहूनही वेगाने घटते. समजा, एखाद्याची उपाशीपोटीची साखर खरोखर १३० मिलीग्रॅम आहे. मधुमेहाच्या निदानाची मर्यादा १२६ असल्यामुळे त्याला मधुमेह असण्याची दाट शक्यता आहे आणि खात्रीसाठी तपासणी पुन्हा व्हायला हवी. तेच रक्त साध्या नळीत तीन तास तसेच राहिले, तर अहवालात १०८ च्या आसपास आकडा येईल आणि त्या माणसाला धोका अजून दूर आहे असे सांगून घरी पाठवले जाईल. येथे यंत्र बिनचूक चाललेले असते, छापलेला आकडाही यंत्राने खरोखर मोजलेलाच असतो, तरीही रुग्णाच्या दृष्टीने अहवाल चुकीचा ठरतो.

यासाठीच साखरेचे रक्त करड्या झाकणाच्या नळीत घेतात. त्या नळीतील सोडियम फ्लोराइड पेशींचे साखर वापरणे थांबवते. मात्र ते लगेच थांबत नाही, पहिल्या एक-दोन तासांत थोडी घट होतेच, त्यामुळे करडी नळी वापरली म्हणजे वेळेची चिंता उरली नाही असे समजणे बरोबर नाही. नमुना लवकर थंड करणे किंवा फिरकी यंत्रात घालून पेशींपासून वेगळा करणे हाच खरा उपाय आहे.

आता कोणी म्हणेल की मग सगळेच रक्त बर्फावर ठेवून पाठवावे. येथे दुसरी अडचण उभी राहते. तांबड्या पेशींच्या आत पोटॅशियमचे प्रमाण बाहेरच्या द्रवापेक्षा वीस पटींहून अधिक असते आणि ते आत राखण्याचे काम पेशीच्या आवरणावरील एक पंप सतत करत असतो. थंडीत हा पंप मंदावतो, पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपते आणि काही तासांनी तपासलेल्या नमुन्यात ते खोटेच वाढलेले दिसते. म्हणजे जी थंडी साखरेचा आकडा राखते तीच पोटॅशियमचा आकडा बिघडवते. पोटॅशियमसाठी रक्त गोठू द्यावे लागते, त्याला साधारण अर्धा तास लागतो, आणि मग ते फिरवून सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तातून सुटणारा पातळ द्रव, वेगळे करूनच पुढे पाठवावे लागते. ज्या संकलन केंद्रात फिरकी यंत्र नाही, तेथून मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या रुग्णाचे पोटॅशियम दूरवर पाठवणे मला धोक्याचे वाटते, कारण या एका आकड्यावर औषधे चालू किंवा बंद केली जातात.

रक्त काढतानाची पद्धतही तितकीच मोलाची आहे. दंडाला पट्टा एका मिनिटाहून अधिक वेळ आवळून ठेवला किंवा रुग्णाला मूठ वारंवार उघडमीट करायला लावली, तर पोटॅशियम वाढते. बारीक सुईतून जोराने ओढलेल्या किंवा पिचकारीतून नळीत दाबून सोडलेल्या रक्तातील पेशी फुटतात, सीरम लालसर होते आणि पोटॅशियमसह काही एन्झाइमांचे आकडे फुगतात. जांभळ्या झाकणाच्या नळीतील इडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या पदार्थात पोटॅशियम असते आणि तो कॅल्शियमला बांधून ठेवतो. त्या नळीतील थोडेसे रक्त चुकून दुसऱ्या नळीत गेले, तर अहवालात पोटॅशियम फार जास्त आणि कॅल्शियम फार कमी अशी चमत्कारिक जोडी दिसते. जाणकार टेक्निशियन ती जोडी पाहताच अहवाल थांबवतो आणि पुन्हा रक्त मागवतो. पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली म्हणून रुग्ण रागावतात, तेव्हा मला वाईट वाटते, कारण नमुना नाकारणारी प्रयोगशाळा आपले काम नीट करत असते. लालसर झालेल्या नमुन्यावरही निमूटपणे आकडा छापून देणाऱ्या प्रयोगशाळेची मात्र काळजी करायला हवी.

डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेटच्या आकड्यावरून जी घबराट उडते तिच्यामागेही कधी कधी हेच कारण असते. हजारात साधारण एखाद्या माणसाच्या रक्तात इडीटीएमुळे प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, यंत्राला ते पुंजके प्लेटलेट म्हणून ओळखता येत नाहीत आणि आकडा खोटाच खाली जातो. नळी हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटीसुलटी न केल्यामुळे आत बारीक गुठळी झाली तरी हेच घडते. प्लेटलेट अनपेक्षितपणे कमी आल्या की काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर पसरवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे आणि गरज पडल्यास निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीत पुन्हा नमुना घेणे, ही यावरची जुनी आणि विश्वासार्ह रीत आहे. केवळ यंत्रातून आलेल्या एका आकड्यावर रुग्णाला रातोरात दुसऱ्या शहरात हलवण्यापूर्वी “स्लाइड पाहिली का?” एवढे विचारणे योग्य होईल.

नमुना चांगला असेल तर पुढचा भार यंत्रावर येतो. ऊस पिकवणाऱ्या आपल्या भागात वजनकाट्याविषयी वेगळे सांगायला नको. एखादा काटा प्रत्येक गाडीला ठरावीक दोन क्विंटल कमीच दाखवतो, तर दुसरा कधी कमी, कधी जास्त दाखवतो आणि सरासरी तेवढी बरोबर येते. पहिल्यात सातत्य आहे पण अचूकता नाही, दुसऱ्याची सरासरी बरोबर आहे पण सातत्य नाही, आणि ज्याच्या घरचा ऊस तोलला जातो त्याला दोन्हींपासून नुकसानच होते. प्रयोगशाळेच्या यंत्रातही हे दोन दोष स्वतंत्रपणे असू शकतात आणि त्यांचे उपायही वेगवेगळे असतात. ज्यातील घटकाचे प्रमाण आधीच निश्चित केलेले आहे अशा द्रवाने यंत्राचे माप जुळवून घेणे, म्हणजे कॅलिब्रेशन, हा ठरावीक एका बाजूच्या चुकीवरचा उपाय आहे. सातत्याच्या अभावामागे मात्र बहुधा मळलेली नळी, अशुद्ध पाणी, अस्थिर तापमान किंवा २ ते ८ अंशांत ठेवायचे रसायन वीज गेल्यावर तासन्‌तास उबदार राहणे अशी कारणे असतात.

दोष आहे हे कळावे कसे? त्यासाठी प्रयोगशाळा रोज सकाळी रुग्णांचे नमुने लावण्यापूर्वी नियंत्रण द्रव, म्हणजे कंट्रोल, तपासते. तो रुग्णाच्या रक्तासारखाच असतो आणि त्याचा आकडा कोणत्या मर्यादेत यायला हवा हे आधी ठरलेले असते. साधारणपणे एक कंट्रोल निरोगी पातळीचा आणि एक आजाराच्या पातळीचा असतो, कारण ९० साखर नीट मोजणारे यंत्र ३०० साखर नीट मोजेलच असे नाही. आलेले आकडे दिवसागणिक एका आलेखावर मांडतात. मध्ये सरासरीची रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना प्रमाण विचलनाच्या, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती विखुरतात त्या मापाच्या, एक, दोन आणि तीन पट अंतरावर रेघा, असे त्या आलेखाचे रूप असते. कारखान्यातील मालाची प्रत राखण्यासाठी वॉल्टर शेवहार्ट यांनी १९२० च्या दशकात काढलेली ही कल्पना १९५० मध्ये लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी वैद्यकीय प्रयोगशाळेत आणली, म्हणून त्या आलेखाला लेव्ही-जेनिंग्ज आलेख म्हणतात.

हा आलेख वाचण्यात खरे कौशल्य आहे. यंत्र अगदी नीट चालत असतानाही सुमारे वीस वेळांतून एकदा कंट्रोलचा आकडा दोन विचलनांच्या बाहेर पडतोच, आणि दोन कंट्रोल एकत्र लावले तर त्यातला निदान एक बाहेर पडण्याची शक्यता ९ टक्क्यांच्या घरात जाते. प्रत्येक वेळी काम थांबवले तर प्रयोगशाळा चालणार नाही आणि प्रत्येक वेळी दुर्लक्ष केले तर खरा बिघाड निसटेल. या पेचातून वाट काढण्यासाठी जेम्स वेस्टगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये काही नियम एकत्र बांधून दिले. त्यांनुसार दोन विचलनांबाहेरचा एक आकडा हा फक्त इशारा असतो, तीन विचलनांबाहेरचा एकही आकडा आला तर रुग्णांचे अहवाल रोखायचे, दोन विचलनांबाहेर सलग दोन आकडे एकाच बाजूला गेले तरी रोखायचे, आणि सलग दहा आकडे रेघेच्या एकाच बाजूला पडत असतील तर कोणताही आकडा मर्यादेबाहेर नसूनही यंत्र हळूहळू सरकत आहे असे ओळखायचे.

येथे एका वाईट सवयीचा उल्लेख करणे मला भाग आहे. कंट्रोल मर्यादेबाहेर गेला की कारण न शोधता तोच कंट्रोल पुन्हा पुन्हा लावायचा आणि एकदाचा आकडा आत आला की तेवढाच वहीत लिहून पुढे जायचे, असे काही ठिकाणी चालते. काही ठिकाणी कंट्रोलचा खर्च वाचवण्यासाठी तो रोज लावलाच जात नाही. त्या दिवशीच्या शंभर रुग्णांना आपला आकडा कोणत्याही खात्रीविना छापला गेला आहे हे कधीच कळणार नाही. ही रुग्णाची फसवणूकच आहे. उलट, लहान गावातील एकाच टेक्निशियनच्या प्रयोगशाळेत कंट्रोलची वही नियमाने भरलेली आणि बिघाडाच्या दिवशी “रसायन बदलले, पुन्हा कॅलिब्रेशन केले” अशा नोंदी केलेल्या असतील, तर मी त्या प्रयोगशाळेवर निःशंक विश्वास ठेवीन, मग तिची इमारत कशीही असो.

आपला कंट्रोल आपणच तपासण्यात एक मर्यादा राहते, कारण एका बाजूला ठामपणे झुकलेल्या यंत्राची आपली आपल्याला सवय होऊन जाते. म्हणून बाहेरून परीक्षा घेण्याची व्यवस्था आहे. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज जीवरसायन चाचण्यांसाठी आणि दिल्लीचे एम्स रक्तपेशींच्या चाचण्यांसाठी देशभरातील प्रयोगशाळांना अज्ञात नमुने पाठवतात, प्रयोगशाळा आपली उत्तरे कळवते आणि तीच पद्धत वापरणाऱ्या इतर प्रयोगशाळांच्या तुलनेत आपण कुठे आहोत हे तिला समजते. बेळगाव असो, कोल्हापूर असो किंवा मिरज, या एकाच परीक्षेला बसलेल्या प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांच्या जवळ येण्याची शक्यता वाढते. तरीही सगळ्याच चाचण्यांत तसे होत नाही. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातील घटक, मोजण्याची जॅफे यांनी १८८६ मध्ये शोधलेल्या अभिक्रियेवर आधारलेली जुनी रासायनिक पद्धत आणि नंतर आलेली एन्झाइम पद्धत एकाच रक्तात थोडे वेगळे आकडे देऊ शकतात. थायरॉइड, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा), जीवनसत्त्वे यांसारख्या चाचण्यांत कंपनीगणिक रसायने निराळी असल्यामुळे फरक आणखी वाढतो. अहवालात शेजारी छापलेली संदर्भ मर्यादाही त्या पद्धतीपुरतीच असते, म्हणून कोल्हापूरचा आकडा बेळगावच्या मर्यादेशी ताडून पाहणे चुकीचे ठरते. शिवाय ही मर्यादा निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांवरून ठरवलेली असते. एकमेकींवर अवलंबून नसलेल्या वीस चाचण्या एका निरोगी माणसावर केल्या, तर त्यातील निदान एक मर्यादेबाहेर येण्याची शक्यता ६४ टक्के असते. “फुल बॉडी चेकअप”नंतर ठळक अक्षरांत छापलेल्या एखाद्या आकड्याने रात्रीची झोप घालवून घेण्यापूर्वी हे लक्षात ठेवावे.

शेवटी शरीराचा स्वतःचा चढउतार उरतो. त्याच माणसाचे, त्याच प्रयोगशाळेत, दोन दिवस लागोपाठ रक्त तपासले तरी आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. यंत्राची चढउतार आणि शरीराची चढउतार एकत्र धरून, किती फरक पडला तर तो खरा बदल मानावा याचे गणित मांडलेले आहे. चांगल्या प्रयोगशाळेत हिमोग्लोबिनसाठी हा फरक साधारण ८ ते ९ टक्के येतो, म्हणजे १२ वरून ११.४ झाले तर रक्त कमी झाले असे म्हणता येत नाही, १०.८ झाले तर मात्र म्हणता येते. क्रिएटिनिनसाठी तो १५ ते २० टक्क्यांच्या दरम्यान येतो, म्हणून १.२ चे १.३ होणे हे मूत्रपिंड बिघडल्याचे लक्षण नव्हे आणि १.३ चे १.२ होणे हे एखाद्या काढ्याचे यशही नव्हे. ट्रायग्लिसराइड ही रक्तातील चरबी आणि टीएसएच ही थायरॉइडची चाचणी यांच्यात तर निम्म्याने फरक पडला तरी तो नेहमीच्या चढउतारात बसू शकतो. दोन अहवाल दोन वेगळ्या गावांचे असतील, तर या सर्व मर्यादा आणखी रुंद होतात.

म्हणून जुन्या आजारात शक्यतो एकच प्रयोगशाळा, दिवसाची एकच वेळ आणि तशीच पूर्वतयारी ठेवावी. उपाशीपोटीच्या साखरेसाठी आठ तास पुरतात. चौदा-सोळा तास उपाशी राहून, त्यात सकाळची बस धरण्यासाठी धावत येऊन दिलेले रक्त अधिक चांगले ठरत नाही. पोहोचल्यावर दहा मिनिटे बसावे आणि मगच हात पुढे करावा. केसांसाठी बायोटिनच्या जास्त ताकदीच्या गोळ्या चालू असतील तर ते सांगावे, कारण काही पद्धतींत त्यामुळे टीएसएच खोटेच कमी दिसते. लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असलेल्या स्त्रीच्या बाबतीत तीन महिन्यांच्या साखरेचा, म्हणजे एचबीएवनसीचा, आकडा बिनचूक मोजूनही थोडा चढा येऊ शकतो, तेव्हा हिमोग्लोबिनचा अहवालही डॉक्टरांसमोर ठेवावा.

प्रयोगशाळा निवडताना काय पाहावे, असे विचारले जाते. कर्नाटकात २००७ च्या खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याखाली प्रयोगशाळेची नोंदणी सक्तीची आहे, पण नोंदणी म्हणजे गुणवत्तेची हमी नव्हे. एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता ऐच्छिक आहे, ती आयएसओ १५१८९ या आंतरराष्ट्रीय मानकावर आधारलेली आहे आणि ती चाचणीनिहाय मिळते. प्रयोगशाळेला मान्यता आहे एवढे ऐकून थांबू नये, आपल्याला हवी ती चाचणी त्या यादीत आहे का हे विचारावे. नमुना पुढे दुसऱ्या शहरात पाठवला जात असेल तर तो कोणी तपासला हे अहवालावर लिहिलेले असावे. त्याचबरोबर रक्त काढल्याची वेळ आणि ते प्रयोगशाळेत पोहोचल्याची वेळ अहवालावर छापली आहे का ते पाहावे. नसेल तर आपले रक्त काढल्याची वेळ स्वतः कागदावर टिपून ठेवावी आणि साखर किंवा पोटॅशियमचा आकडा अनपेक्षित आला, तर औषध बदलण्यापूर्वी ती वेळ डॉक्टरांना सांगावी.